व्रोंदीच्या गोट्यांत पडलेला क्रूस

नोनो,

आधी गुन्हा सांगतो, मग तब्येत विचारतो. तब्येतीपासून सुरुवात केली तर तुमचा गुडघा, काकूंची साखर, दुकानातली गर्दी असं विचारत विचारत कागद संपेल आणि गुन्हा तसाच राहील. मी मला ओळखतो. तर ऐका. या वर्षी उजेडाच्या सणाला पाद्र्यांनी समुद्रात फेकलेला क्रूस स्ट्रातिसनं बुडी मारून काढला, ही जी बातमी आईनं तुम्हाला रडत रडत फोनवर सांगितली, आणि जिच्यापायी तुम्ही म्हणे तिकडे मेलबर्नला दुकानात आलेल्या प्रत्येकाला फुकट मासे खाऊ घातलेत, ती बातमी खोटी आहे. म्हणजे मी पाण्यातून वर आलो तेव्हा माझ्या हातात क्रूस होता, हे खरं. पण तो मी पाण्यात उडी मारतानाच चड्डीत खोचून नेला होता.

आता सावकाश विचारतो. गुडघा कसा आहे? काकू गोड खायच्या थांबल्या का? (हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका. का ते पुढे कळेल.) इकडे आम्ही धडधाकट आहोत. आईची कंबर हवा बदलायच्या आधी ओरडते, आणि गावातले कोळी तिच्या कंबरेला विचारूनच जाळी टाकतात, त्यामुळे ती कंबर बरी करून घ्यायला तयार नाही. मी तर ठणठणीत आहे. जानेवारीच्या समुद्रात माणूस रोज सकाळी उतरायला लागला की एक तर मरतो नाहीतर ठणठणीत होतो, मधलं काही नाही. का उतरत होतो तेही येईलच. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आमचा फोन आईच्या खिशात असतो आणि तुमचा फोन काकू स्पीकरवर टाकून भांडी घासतात. म्हणून पत्र. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. शाळेनं माझ्यावर जेवढी मेहनत घेतली तेवढीच मी शाळेवर घेतली. जिथं लागणार नाही तिथं काहीतरी चांगलं लिहिलंय असं समजा.

आणि तुम्हालाच का, तर माझ्या बाप्तिस्म्याला मी नागडा, तेलानं माखलेला, बोंबलत असताना माझ्या वतीनं सैतानाच्या तोंडावर थुंकायला तुम्ही मेलबर्नहून आला होतात. म्हणजे नोनो, धर्मबाप या नात्यानं माझ्या पापांना जामीन तुम्ही. वर गेल्यावर पहिली हाक तुम्हाला मारणार, काय हो, हा तुमचाच ना? तेव्हा तुम्हाला आधीच माहिती असलेली बरी.

व्रोंदीचा किनारा तुम्ही सोडून गेलात तसाच आहे. रस्ता नाही, गाढववाट आहे, आणि त्या वाटेवर गाढवंसुद्धा कुरकुरतात. मध्ये एकानं उन्हाळ्यात भाड्यानं द्यायला छत्र्या आणि खुर्च्या आणल्या होत्या. पहिला दक्षिणेचा वारा सुटला आणि छत्र्या समोर तुर्कस्तानात गेल्या. खुर्च्या व्रोंदीनं ठेवून घेतल्या. अजून कधीतरी गोट्यांतून एखादा पाय वर येतो. तेव्हापासून कुणी फिरकत नाही. गोटे, पाणी, खडकावरचं संत निकोलासचं खुराड्याएवढं देऊळ, आणि उजेडाच्या सणाला आख्खं गाव.

बाकीच्या बेटांवर आता क्रूसाला दोरी बांधून फेकतात, सापडला नाही तर ओढून घ्यायचा. काही ठिकाणी तर लाकडाचा असतो, तरंगतो. आपल्या पापा-येर्मानोसना (माझ्या बाप्तिस्म्याला ज्यांनी तुमच्या नव्या सुटावर तेल सांडलं तेच आपले पाद्री) हे दोन्ही पाखंड वाटतं. "देवाला दोरी बांधायची? बकरा आहे का तो?" असं ते भर प्रवचनात म्हणाले. म्हणून आपल्याकडे अजून तो जुना, जड, चांदीचा क्रूस, मोकळा, सरळ व्रोंदीच्या गोट्यांवर. आणि दर वर्षी तो काढतो कोण? इग्नातिस. माझा जिवलग, मिर्सिनीकाकूचा एकुलता एक. त्याच्या छातीत फुप्फुसं नाहीत, दोन उश्या आहेत. बाकीचे आम्ही शोभेला उडी मारतो, निळे होतो आणि वर येऊन त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो. यंदा मला वाटलं, या टाळ्यांत जरा गंमत घालू.

गंमत साधी होती. पापा क्रूस फेकणार, मी सगळ्यांच्या आधी हातात क्रूस घेऊन वर येणार, लोक ओरडणार, आणि मग इग्नातिस खरा घेऊन वर येणार. पापा एकदा इकडे बघणार, एकदा तिकडे. मला दोन थपडा बसतील आणि ही गोष्ट मी म्हातारा होईपर्यंत कॉफीच्या दुकानात सांगितली जाईल. एवढंच. त्यासाठी जाळ्याची शिशाची वजनं वितळवली (आईच्या कॉफीच्या भांड्यात, भांडं ती अजून शोधतेय), पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात त्या पांढऱ्या समुद्रफेसात साचा कोरला, आणि निघालेल्या क्रूसाला मोटारसायकलच्या सायलेन्सरचा चंदेरी रंग फासला. खरं सांगू, झकास झाला होता. त्याला बघून पहिल्यांदा मीच छातीवर क्रूसाची खूण केली.

मग दिवस आला. पापांनी क्रूस पाण्याला लावला, स्तोत्र झालं, फेकला. आम्ही उड्या मारल्या. पाणी इतकं गार होतं की गंमत काय ठरली होती तेच क्षणभर विसरलो. मग आठवलं, चड्डीत हात घातला, वर आलो, हात उंच केला. आणि देवळाची ती घंटा, जी जन्मात कधी वेळेवर वाजली नाही, ती तत्क्षणी वाजली. होड्यांचे भोंगे वाजले, कबूतर सोडलं. आणि पाण्यात जेवढी पोरं होती ती एकामागोमाग एक वर आली. का नाही येणार? क्रूस सापडला होता. सापडलेली वस्तू कोण शोधतं? ही एवढीशी गोष्ट मला शिसं वितळवताना सुचली नाही, साचा कोरताना सुचली नाही, रंग वाळावा म्हणून फुंकर घालत बसलो होतो तेव्हाही सुचली नाही. इग्नातिस सगळ्यांच्या शेवटी आला. रिकाम्या हातानं, ओठ जांभळे. माझ्याकडे बघून म्हणाला, "घेतलास रे कुत्र्या," आणि हसला.

मी बोलायला तोंड उघडलं, शपथेवर सांगतो. पण उघडल्या तोंडात कुणीतरी मधात बुडवलेला गरम लुकुमास कोंबला. पापांनी सब्जाची जुडी पाण्यात बुडवून माझ्या डोळ्यांवर मारली. आई तिच्या त्या कंबरेसकट गुडघाभर पाण्यात शिरली आणि माझ्या गळ्यात पडली. तुम्ही माझ्या जागी असता तर बोलला असतात?

पुढं रिवाजाप्रमाणे तबकात क्रूस, भोवती सब्जा, आणि घरोघर फिरणं. लोक वाकतात, ओठ टेकतात. सायलेन्सरचा रंग गरम नळीसाठी असतो, म्हाताऱ्यांच्या ओठांसाठी नसतो. पहिल्या आळीतच तो सुटायला लागला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाचे ओठ चंदेरी. म्हटलं, मेलो. तर कॉफीच्या दुकानात खुद्द पापा-येर्मानोस मिशीला चंदेरी काठ लावून बसलेले, आणि सगळ्यांना समजावून सांगतायत की चांदी जुनी आहे, मीठ लागलं की अशी सुटते. (त्यांना कुणी विचारलं नव्हतं.) बरं, एवढ्यावर थांबावं की नाही. पण त्या शिशाला गुण यायला लागले. शेजारची बकरी उठायचं नाव घेत नव्हती, तिच्या कपाळाला क्रूस लावला, ती उठली आणि तिनं तबकातला सब्जा खाल्ला. वरच्या आळीतल्या त्या दोन बहिणी, ज्या एका अंजिराच्या झाडावरून कधीपासून बोलत नाहीत, त्या एकदमच दाराशी आल्या, एकदमच वाकल्या, टाळक्याला टाळकं आपटलं आणि हसत सुटल्या. मी तबक धरून उभा. शिसं, रंग आणि माझी अक्कल, एवढ्या तीन वस्तूंतून हे असं निघतं कुठून? मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. अंगावर काटा आला.

शेवटचं घर मिर्सिनीकाकूचं. इग्नातिस मालवाहू बोटीवर लागलाय, हे आईनं तुम्हाला सांगितलंच असेल. पहिलीच बोट, महिनाअखेर पिरेअस बंदरातून सुटायची. काकूचा नवरा आणि भाऊ, दोघांना समुद्रानंच नेलं, त्यामुळे ती काय म्हणाली असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेवटी एका अटीवर तयार झाली होती: यंदाचा क्रूस काढून दाखव, मग जा. ज्यानं क्रूस काढला त्याला वर्षभर पाणी बाधत नाही, असं आपल्याकडे धरतात ना. ही अट मला माहीत नव्हती. परत लिहितो, अट मला माहीत नव्हती. काकूनं क्रूसाला ओठ टेकले ते कितीतरी वेळ उचललेच नाहीत. मग म्हणाली, "स्ट्रातिस, बाळा, देवानं तुला दिला, तुझं कल्याण होवो. जरा याच्या बॅगेला लावशील?" मी लावला. बॅगेवर चंदेरी डाग पडला.

"आई, कागदांवर सह्या झाल्यात, मला जावंच लागणार," इग्नातिस म्हणाला.

"मग जा की. मी कुठं धरून ठेवलंय?" आणि ती आत जाऊन भांडी आपटायला लागली.

इग्नातिस मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. "गंमत बघ," तो म्हणाला. "खाली मला काहीतरी चमकताना दिसलं होतं. घोड्याच्या खडकापाशी. हात लांब केला असता तर आलं असतं. तेवढ्यात घंटा ऐकू आली. म्हटलं, डब्याचं झाकण असेल."

नोनो, मला शाळेत मास्तरांनी मारलं, आईनं मारलं, एकदा पापांनी धुपाटण्यानं मारलं. या झाकणाएवढं काही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी व्रोंदीवर. नशीब एवढंच की खंड्याचे दिवस लागले होते. ऐन जानेवारीत खंड्यानं अंडी घालावीत म्हणून देव वारा बांधून ठेवतो, ते दिवस. समुद्र तेलासारखा, ऊन कोवळं. मी घोड्याच्या खडकाशी उतरलो. आता नोनो, व्रोंदीवर मी जन्मापासून जातोय. तिथले गोटे मी फेकलेत, त्यांच्यावर पडलोय, एकदा पापांच्या बुटांत भरलेत. पण खाली जाऊन, डोळे उघडे ठेवून, एक वस्तू शोधायची म्हणून एकेक गोटा बघायची वेळ आली नव्हती. वर सगळे राखाडी दिसतात. खाली एकही राखाडी नाही. हिरवे, वांग्यासारखे जांभळे, पांढऱ्या शिरा ओढलेले, एक तर रक्तासारखा लाल. वर घेऊन आलो की हातातल्या हातात सुकतो आणि तोंड फिरवल्यासारखा परत राखाडी. आणि कुणी रचल्यासारखे बसलेले. मोठे वर, मग मुठीएवढे, मग अंड्याएवढे, मग वाटाण्याएवढे, खोल गेलं की मसूर. आमच्या आईला मसूर निवडायला सकाळ लागते. हे कोण निवडतं?

आणि आवाज. वरून आपण ऐकतो तो लाट मागे फिरल्यावरचा खळखळाट, तो सगळ्यांना माहीत आहे. खाली तो बाहेरून येत नाही, कवटीच्या आतून येतो. लाट नसतानाही येतो. अगदी शांत पाण्यात, कान लावून राहिलं, तर कुठंतरी एक गोटा दुसऱ्याला घासतो, थांबतो, मग लांब कुठंतरी तिसरा. घाई नाही कुणाला. मी एक हातात धरला, वाटोळा, गुळगुळीत, आणि मला एकदम वाटलं की हा इतका वाटोळा व्हायला लागला तेव्हा आपलं गाव नसेल, देऊळ नसेल, क्रूसच नसेल. मी तो परत जिथं होता तिथं ठेवला. (मी. ठेवला. आईला सांगितलं तर ती डॉक्टर बोलवेल.) क्रूस मिळाला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी गेलो तो नुसता क्रूसासाठी गेलो असं म्हणणार नाही.

आता गावाच्या नजरेनं बघा. क्रूस काढलेला पोरगा रोज पहाटे एकटा व्रोंदीवर जातो, थंड पाण्यात बुडतो, गुडघ्यावर बसतो, गोटे हातात घेतो आणि परत ठेवतो. म्हाताऱ्या माझ्यासाठी किनाऱ्यावर गरम सूप आणून ठेवायला लागल्या. एक दिवस वर आलो तर खडकावर पापा-येर्मानोस बसलेले, झगा गुडघ्यापर्यंत गुंडाळून.

"स्ट्रातिस, तुला खाली काय दिसतं?"

"गोटे, पापा."

"आणखी?"

"आणखी गोटे."

त्यांनी डोळे मिटले. "संतांनाही सुरुवातीला एवढंच दिसतं," ते म्हणाले, आणि तडक आमच्या घरी जाऊन त्यांनी आईला सांगितलं की या पोरावर काहीतरी उतरलंय, याला मठाच्या शाळेत पाठवू. आई आनंदानं ढसाढसा रडली. मी, ज्याला सातवीतून सहावीत घालायची पाळी आली होती.

महिना संपत आला आणि खंड्याचे दिवस संपले. दक्षिण सुटली. व्रोंदी गर्जायला लागली की गावात काय होतं ते तुम्हाला मेलबर्नमध्येही आठवत असेल. कॉफीच्या दुकानात कप बशीत थरथरतात आणि मोठ्यानं बोलणारे लोक हळू बोलायला लागतात. गोटे हलत होते, नोनो. नुसते लाटेतले नाही, सगळे. डोंगरच्या डोंगर खाली ओढला जातोय आणि परत वर फेकला जातोय. मी खिडकीशी बसून ऐकत होतो आणि एवढंच कळत होतं की मी आजवर जे हातानं चाचपलं ते सगळं आता पुसलं जातंय. मिर्सिनीकाकूच्या घरात दिवा होता. इग्नातिसला पिरेअसला नेणारी बोट वारा पडला की सुटायची होती.

वारा पडला. मी गेलो. ओळखू येईना. पाण्याजवळ जिथं अंड्याएवढे होते तिथं डोक्याएवढे. जिथं उतार होता तिथं पुरुषभर उंचीची भिंत. कुणीतरी आख्खा किनारा उचलून, चाळून, परत ओतला होता. मी मटकन बसलो. रडलो असेन, पण कुणी बघायला नव्हतं, तेव्हा नाही रडलो असं धरा. मग मान वर केली. भिंतीच्या माथ्यावर, मसुराएवढ्या गोट्यांच्या एका थाळीत, क्रूस पडला होता. उताणा. तबकात ठेवावा तसा. आजूबाजूला शेवाळाची एक काडी नाही. मी हात लावला नाही. लावायची छाती झाली नाही. मी शोधला असता तर उचलला असता. हा कुणीतरी ठेवला होता.

धावत इग्नातिसकडे गेलो.

"चल व्रोंदीवर."

"बॅग भरतोय. कुणी मेलं का?"

"अजून नाही. बहुतेक मी मरेन. चल."

तो आला, भिंत चढला, बघितलं. बराच वेळ बघितलं. "हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"डब्याचं झाकण," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "आणि देवळात आहे तो?"

"शिसं. वरून सायलेन्सरचा रंग."

"म्हणजे माझ्या बॅगेवर..."

"रॉकेलनं निघेल."

मी गाल पुढं केला, कुठला ते त्याच्या सोयीनं ठरवू दे म्हणून. त्यानं मारलं नाही. त्यानं बूट काढायला घेतले. "टाक," म्हणाला.

"काय?"

"पाण्यात टाक. दगडांत सापडलेला चालत नाही. आई विचारणार, पाण्यातून काढलास का? मी काय स्ट्रातिस आहे तिच्याशी खोटं बोलायला?"

"अरे आत्ता कुठं वर आलाय. परत गेला तर?"

"टाक."

"मी पाद्री नाही."

"क्रूस बनवता आला, पाद्री बनायला काय जातंय?"

नोनो, मी तो दोन्ही हातांनी उचलला. गार होता आणि वाटला होता त्याहून जड. कमरेइतक्या पाण्यात गेलो. स्तोत्राची पहिली ओळ आली, पुढची नुसती गुणगुणलो, आणि एरवी देवळात मी गुणगुणतो ती टवाळी असते, ही नव्हती. पाणी अजून गढूळ, लाट जिवंत. मी फेकला. तो आवाज न करता आत गेला आणि त्याच्यामागं इग्नातिस गेला. मग काही नाही. पाणी वर येत होतं, खाली जात होतं. मला पोहता येतं, पण उडी मारायचं सुचलं नाही. वाटलं, मी मध्ये पडलो तर परत घंटा वाजेल. मी देवाला एवढंच म्हटलं की क्रूस ठेव, पोरगा दे. नंतर आठवलं की पोरगा परत देणं म्हणजे त्याला रिकाम्या हातानं परत देणं, आणि ते चालणार नाही. म्हणून बदलून म्हटलं, दोन्ही दे. इतकं नीट मागणं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

तो खूप लांब, खडकाच्या पलीकडून वर आला. हात उंच. हातात क्रूस. घंटा नाही, भोंगा नाही, कबूतर नाही. फक्त लाट मागं फिरली आणि सगळे गोटे एकदम बोलले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आख्खा किनारा. टाळ्यांसारखं वाटलं असं लिहिणार होतो, पण टाळ्या नव्हत्या त्या. आम्ही दोघं तसेच पाण्यात उभे राहिलो. दुसरी लाट येईपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही.

मिर्सिनीकाकूनं दार उघडलं. तिनं आधी त्याच्या केसांतून गळणारं पाणी बघितलं, मग क्रूस.

"पाण्यातून काढलास?"

"हो."

"टाकला कुणी?"

"ज्याला टाकायची शिक्षा होती त्यानं."

ती ओठ टेकून सावकाश उठली, बोटानं ओठ पुसून बोट बघितलं, बोट स्वच्छ होतं, आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला एक थप्पड मारली, मग टॉवेल दिला. इग्नातिसला नुसता टॉवेल. दुपारी धक्क्यावर ती बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती, आणि रडली नाही. माझी आई रडली, तिचं कुणी जात नसताना.

तर असं आहे. पाप सांगून झालं, मला हलकं वाटतंय, आता ओझं तुमच्याकडे. काकूंना नमस्कार, गुडघा जपा, तिकडच्या उकाड्यात दुकानाचं शटर स्वतः ओढू नका.

तुम्ही ज्याच्यासाठी थुंकलात तो,
स्ट्रातिस

ता. क. क्रूस देवळात बदलून ठेवला. रविवारी पापांनी कापड सोडलं आणि चांदी "परत भरून आलेली" बघून ते तिथंच गुडघ्यावर बसले. आता तर मठाच्या शाळेला पत्र गेलंय, आणि आई काळं कापड माझ्या खांद्याला लावून बघतेय. तुम्ही तिला फोन करून एवढंच सांगा की आपल्या घराण्यात कुणाला दाढी शोभत नाही. तुमचं ती ऐकते.

ता. क. दुसरं. वरचं मागणं तसं खोटंच होतं, काळ्या कापडाचं मी बघून घेईन. पत्र कशासाठी लिहायला घेतलं ते लिहायचा धीर आत्ता होतोय. बदलताना दोन्ही क्रूस शेजारी ठेवले होते. दक्षिणेनं तुमच्या माझ्या या जुन्या क्रूसाची पाठ गोट्यांवर घासून साफ केलीय. खाली चांदी नाही, नोनो. शिसं आहे. वर कल्हई, चांगल्या कल्हईवाल्याच्या हातची, माझ्यासारखा सायलेन्सरचा रंग नाही. आणि खालच्या टोकाला, सुरीनं कोरलेलं: थेओलोगोस. तुमचं पूर्ण नाव. (मी माझ्यावर फक्त "स्ट्रा" कोरलंय. मला तेवढी तरी लाज होती.) आई सांगते, ज्या वर्षी तुम्ही क्रूस काढलात त्या वर्षी समुद्र असा होता की दुसऱ्या कुणी उडीच मारली नाही, आणि वसंत यायच्या आत तुम्ही मेलबर्नची बोट पकडलीत. पापा-येर्मानोस त्यानंतर आले, त्यांनी चांदीचा कधी बघितलाच नाही. मी काही म्हणत नाही. मी तुमच्यावर थुंकणारा कोण? फक्त विचारतो. खरा कुठं आहे? तुमच्याकडे असेल तर येत्या उन्हाळ्यात मोज्यात घालून आणा, मी रात्रीत ठेवतो. आणि नसेल, त्या दिवशी तुमच्याही हाती लागला नसेल, तर कुठल्या खडकापाशी पडला तेवढं लिहा. मी शोधणार नाही. आता तो क्रूस राहिलाही नसेल. माझ्या जन्माच्या आधीपासून ते गोटे त्याच्यावर फिरतायत. हात झिजले असतील, कडा गेल्या असतील, असेल एखादा वाटोळा, जरा जड, जरा उजळ गोटा. लहानपणी मी पाण्यावरून उडवलेला एखादा असेल. परवा मी किनाऱ्यावर बसून एकही गोटा फेकला नाही. नुसता हात फिरवत राहिलो.

मिर्सिनीकाकू झोपते आता. वारा सुटला तरी झोपते, खिडकी उघडी टाकून. आम्हाला रस्त्यावरून तिचं घोरणं ऐकू येतं. तिच्या पोरानं पाण्यातून काय काढलं ते जगात दोघांनाच माहीत आहे. त्यातल्या एकाचं, म्हणजे माझं, खरं कुणी मानत नाही. राहिलात तुम्ही. नोनो, पाया पडतो, कुणाला सांगू नका.